गाळ्याचे तोंड : दादर–माटुंगा हमरस्त्यावरील व्यापारी इमारतींच्या समीक्षेचा पुनर्विचार

प्रस्तावना

साहित्य, नाटक आणि चित्रपट यांच्या तुलनेत मराठीत वास्तुसमीक्षा विरळच आहे. जी आहे ती प्रामुख्याने किल्ले, मंदिरे, वाडे आणि फार तर मुंबईच्या फोर्ट भागातील गॉथिक इमारती यांच्याभोवती फिरते. ज्या इमारतींच्या तळमजल्यावर आपण वह्या, कापड, औषधे आणि चष्मे विकत घेतले, ज्यांच्या जिन्याशी दंतवैद्याची पाटी आणि पहिल्या मजल्यावर शिकवणीचा वर्ग होता, त्या विसाव्या शतकाच्या मध्यातील साध्या व्यापारी इमारतींना 'वास्तू' म्हणण्याची आपल्याला सवय नाही. अलीकडच्या काळात हे चित्र काहीसे पालटले आहे. आर्ट डेको शैलीविषयीचे कुतूहल वाढले, जुनी छायाचित्रे प्रकाशात आली आणि 'तेव्हा' व 'आता' अशी दोन छायाचित्रे शेजारी ठेवून बदलाची नोंद घेण्याची पद्धत रूढ झाली.

प्रस्तुत लेखात या पद्धतीची तपासणी मुंबईतील दादर टी.टी. म्हणजे खोदादाद सर्कल ते किंग्ज सर्कल म्हणजे आजचे महेश्वरी उद्यान, या जेमतेम दोन किलोमीटरच्या हमरस्त्याच्या संदर्भात करावयाची आहे. लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे : दर्शनी भागावर लक्ष केंद्रित करणारी समीक्षा या इमारतींचे खरे वैशिष्ट्य नजरेआड करते. हे वैशिष्ट्य म्हणजे रस्त्याकडे तोंड असलेला लहान गाळा आणि त्याच्या डोक्यावरचे घर यांचे नाते. जुन्या इमारतींच्या जागी नव्या उभ्या करणारे नियमही नेमके हेच नाते मोजत नाहीत. समीक्षा आणि नियम या दोहोंच्या नजरेतून एकच गोष्ट निसटावी, ही बाब गंभीर आहे.

उपनगराचा हमरस्ता : ऐतिहासिक पार्श्वभूमी

दादर–माटुंगा आज मुंबईच्या मध्यावर असल्यामुळे त्याला 'उपनगर' म्हणणे अनेकांना खटकेल. परंतु हा भाग आखला गेला तो उपनगर म्हणूनच. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. तिच्या पाठोपाठ १८९८ च्या कायद्याने मुंबई शहर सुधार विश्वस्त मंडळ, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेला 'इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट', स्थापन झाला. दाटीवाटीच्या शहरातील वस्ती उत्तरेकडील मोकळ्या जमिनीवर हलविण्याच्या हेतूने ट्रस्टने दादर, माटुंगा, शीव या पट्ट्यात योजना आखल्या. रुंद रस्ते, चौक आणि बागा आधी आल्या; इमारती पुष्कळ नंतर. ट्रस्ट १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाला आणि आज आपल्याला दिसणाऱ्या बहुतेक जुन्या इमारती १९३० ते १९५० या दोन दशकांत उभ्या राहिल्या. पुढे १९५० व १९५७ मध्ये महापालिकेची हद्द उत्तरेकडे वाढली आणि 'उपनगर' हा शब्दही तिच्याबरोबर सरकत गेला. कालचे उपनगर आज शहर होते, ही प्रक्रिया मुंबईला नवी नाही.

या रस्त्याला हमरस्त्याचे रूप दिले ते ट्रामने. 'दादर टी.टी.' या नावातील दोन अक्षरे 'ट्राम टर्मिनस'ची आहेत. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर अशी धावली. त्यानंतर साठहून अधिक वर्षे लोटली तरी टॅक्सीचालक आणि बसवाहक ते नाव वापरतात. मार्गाचा शेवटचा थांबा असलेल्या ठिकाणी माणसे उतरतात, थांबतात, चालू लागतात. आणि चालणारा माणूस हाच लहान दुकानाचा गिऱ्हाईक असतो. शिवाय या परिसरात रुईया (१९३७), खालसा (१९३७) आणि पोदार (१९४१) ही महाविद्यालये आली. दक्षिणेकडून आलेल्या नोकरदार वर्गाची वस्ती माटुंग्यात वाढली. कॅफे मैसूर (१९३६) आणि कॅफे मद्रास (१९४०) ही किंग्ज सर्कल परिसरातील उपाहारगृहे त्या वस्तीची साक्ष आजही देतात. सारांश, या हमरस्त्यावरील व्यापार घाऊक पेठेचा नव्हता. तो शेजारच्या घरांचा, विद्यार्थ्यांचा आणि ट्रामने आल्यागेल्यांचा व्यापार होता.

दर्शनी भागाचे वाचन आणि त्याच्या मर्यादा

या इमारतींच्या दर्शनी भागाचे सौंदर्य नाकारण्याचे कारण नाही. सिमेंट-काँक्रीटचा वापर याच काळात सर्वसामान्य बांधकामात स्थिरावला. दहा सिमेंट कंपन्यांच्या विलीनीकरणातून एसीसी ही कंपनी १९३६ मध्ये उभी राहिली, यावरून त्या उद्योगाच्या विस्ताराची कल्पना येते. काँक्रीटमुळे कोपऱ्यावरच्या सज्जांना वळण देता आले, खिडक्यांवर लांबच लांब आडवे छज्जे काढता आले, जिन्याचा भाग मनोऱ्यासारखा उंच नेऊन त्यावर इमारतीचे नाव सिमेंटच्या उठावदार अक्षरांत कोरता आले. खोदादाद सर्कलभोवतीच्या इमारती चौकाच्या वळणाला अनुसरून उभ्या राहिल्या आणि चौकाला त्यांनी एक आकार दिला. मुंबईच्या पावसाचे आणि उन्हाचे भान या छज्जांमध्ये आहे. तो केवळ परदेशी शैलीचा अनुवाद नव्हे.

या शैलीचे महत्त्व अभ्यासकांनी पटवून दिले, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. शारदा द्विवेदी व राहुल मेहरोत्रा यांचा 'बॉम्बे डेको' हा ग्रंथ २००८ मध्ये आला. २०१८ मध्ये मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. मात्र तो समूह ओव्हल मैदान व मरीन ड्राइव्ह परिसरातील आहे. दादर–माटुंगा त्यात नाही. निखिल राव यांचा 'हाउस, बट नो गार्डन' (२०१३) हा ग्रंथ या उपनगराच्या घडणीचा सर्वांत मौलिक अभ्यास म्हणावा लागेल. स्वयंपूर्ण सदनिका ही राहण्याची नवी रीत येथे कशी रुजली, याची त्यातील मांडणी मूलगामी आहे. तथापि त्या ग्रंथाचा केंद्रबिंदू सदनिका हा आहे. तिच्या खालचा गाळा नव्हे.

अशा रीतीने शैलीच्या अभ्यासात दर्शनी भाग आला, सामाजिक इतिहासात वरचे घर आले आणि तळमजला दोहोंच्या मधोमध राहिला. 'तेव्हा-आता' छायाचित्रांच्या जोड्या ही उणीव अधिकच पक्की करतात. असे छायाचित्र बहुधा समोरच्या पदपथावरून काढलेले असते. त्यात इमारतीचा वरचा भाग स्पष्ट आणि दुकानांचा पट्टा छायेत असतो. जुन्या चित्रात रस्ता मोकळा, नव्यात गर्दीचा. जुन्यात उठावदार अक्षरे, नव्यात त्यांवर चढवलेले फ्लेक्सचे फलक आणि वातानुकूलन यंत्रांचे खोके. पाहणारा हळहळतो आणि पुढे जातो. बदल दिसतो, पण कारण दिसत नाही. कारण ते दोन छायाचित्रांच्या मधल्या सत्तर वर्षांत दडलेले असते.

तळमजल्याचे वाचन

तळमजला वाचायचा तर इमारतीचा दर्शनी आराखडा बाजूला ठेवून तिचा छेद पाहावा लागतो. या हमरस्त्यावरील नमुनेदार इमारतीत रस्त्यालगत गाळ्यांची रांग असते. गाळा रुंदीला कमी आणि खोलीला जास्त. उंची पुरेशी असल्याने आत पोटमाळा काढलेला. दोन गाळ्यांच्या मध्ये वर जाणाऱ्या जिन्याचे प्रवेशद्वार. त्या दारात वैद्य, वकील, शिंपी, शिकवणी यांच्या पाट्या. पदपथ आणि गाळा यांत एक-दोन पायऱ्यांचे अंतर. वरच्या सज्जातून रस्त्यावरचा माणूस ओळखू येईल इतकीच उंची.

या रचनेचे तीन परिणाम होतात. पहिला, कमी रुंदीमुळे थोड्या अंतरात अनेक दुकाने मावतात आणि चालणाऱ्याला दर काही पावलांवर नवे काही भेटते. दुसरा, लहान गाळा लहान भांडवलाला परवडतो. घड्याळ दुरुस्त करणारा, चष्मे विकणारा, वह्या-पुस्तकांचा विक्रेता अशा माणसांना हमरस्त्यावर जागा मिळते. तिसरा, जिना दुकानांच्या मध्ये उघडत असल्याने रहिवासी आणि दुकानदार रोज एकमेकांसमोर येतात. किल्ली दुकानात ठेवणे, निरोप सांगणे, उशिरा येणाऱ्या मुलीकडे लक्ष असणे, या गोष्टी त्या नात्यातून घडतात. या तिन्ही गुणांचा वळणदार सज्जाशी किंवा उठावदार अक्षरांशी थेट संबंध नाही. एखाद्या इमारतीचा दर्शनी भाग अगदी सामान्य असूनही तिचा तळमजला उत्तम असू शकतो, आणि याच्या उलटही घडू शकते.

दोन छायाचित्रांमधील काळ

ही दुकाने इतकी वर्षे जागेवर का राहिली, याचे उत्तर वास्तुशास्त्रात नसून कायद्यात आहे. मुंबई भाडे नियंत्रण कायदा १९४७ मध्ये आला आणि प्रमाणित भाड्यासाठी १ सप्टेंबर १९४० हा दिवस आधार मानला गेला. घराबरोबर गाळ्यांनाही या कायद्याचे संरक्षण मिळाले. भाडे गोठले, महागाई वाढत गेली. मालकाला दुरुस्ती परवडेना आणि भाडेकरूला जागा सोडवेना. जागेचे खरे मूल्य मग पागडीच्या रूपाने हातोहात फिरू लागले.

जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्ये अमेरिकी शहरांविषयी लिहिताना असे प्रतिपादन केले होते की, जुन्या इमारतींचे भाडे कमी असल्याने नव्या व लहान उद्योगांना त्यांत आसरा मिळतो. आपल्याकडे हा सिद्धांत सरसकट उद्धृत केला जातो. दादर–माटुंग्याला तो जसाच्या तसा लागू पडत नाही. येथील भाडे इमारत जुनी झाल्याने नव्हे, तर कायद्याने कमी राहिले. आणि त्याचा लाभ नव्याने येणाऱ्याला नव्हे, तर आधीच बसलेल्या कुटुंबाला झाला. नवागताला पागडी मोजावी लागे. म्हणूनच येथे एकेक दुकान दोन-तीन पिढ्या टिकलेले दिसते. आपण ज्याला हमरस्त्याचे सातत्य म्हणून गौरवतो, त्यात मालकाच्या न मिळालेल्या भाड्याचा वाटा आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

दुरुस्तीचा प्रश्न तीव्र झाल्यावर १९६९ च्या कायद्याने मुंबई शहर बेटावरील भाडोत्री इमारतींवर उपकर बसवून दुरुस्ती मंडळ स्थापन झाले. उपकरप्राप्त इमारतींचे तीन वर्ग करण्यात आले : १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या 'अ', त्यानंतर १९५० अखेरपर्यंतच्या 'ब', आणि १९५१ ते ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या 'क'. शैलीच्या इतिहासकाराला १९३९ ची व १९४१ ची इमारत एकाच घराण्यातील वाटेल. कायद्याच्या दृष्टीने त्या दोन वर्गांत मोडतात. इमारतीचे भवितव्य ठरविण्यात तिच्या सज्जाच्या वळणापेक्षा ही तारीख अधिक निर्णायक ठरली आहे.

पुढचा टप्पा म्हणजे भाडे कायद्यातील सुधारणा. जुन्या प्रमाणित भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्या आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये म्हटले. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला. त्याने दरसाल ४ टक्के भाडेवाढीला वाव दिला. बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्या यांना मात्र संरक्षणातून वगळले. परिणामी एकाच इमारतीच्या तळमजल्यावर बाजारभावाने भाडे देणारी बँक आणि जुन्या भाड्यातील स्टेशनरीचे दुकान शेजारी-शेजारी दिसू लागले. छायाचित्रात ही केवळ दोन वेगळ्या रंगांची पाट्यांची रचना वाटते; प्रत्यक्षात ती दोन आर्थिक व्यवस्थांची सीमारेषा आहे.

उड्डाणपुलांनी या रस्त्याकडे पाहण्याची उंचीही बदलली. पुलावरून जाणाऱ्याला इमारतीचा दुसरा-तिसरा मजला समोर दिसतो आणि तळमजला दिसेनासा होतो. दर्शनी भागालाच इमारत समजण्याची सवय आता रस्त्याच्या रचनेनेच लावली आहे. माटुंग्यात पुलाखालच्या जागेत नागरिकांच्या पाठपुराव्याने उद्यान झाले, ही स्वागतार्ह गोष्ट. जमिनीवरच्या माणसासाठी जागा परत मिळवता येते, याचे ते उदाहरण आहे.

पुनर्विकास : क्षेत्रफळ आणि तोंड

आज या पट्ट्यातील कळीचा प्रश्न पुनर्विकासाचा आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ३३(७) नुसार उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्बांधणीस वाढीव चटईक्षेत्र मिळू लागले. २०१८ मध्ये अमलात आलेल्या 'विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४' मध्येही हे सूत्र कायम आहे. निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट आणि बिगरनिवासी भाडेकरूला त्याच्या जुन्या जागेइतके क्षेत्र देण्याची त्यात तरतूद आहे. वरवर पाहता ही तरतूद न्याय्य आहे. पण तिचा हिशेब क्षेत्रफळाचा आहे. समजा, एखाद्या विक्रेत्याचा गाळा १० फूट रुंद व २० फूट खोल आहे. नव्या इमारतीत त्याला २०० चौरस फूट मिळतील. परंतु ते आतल्या मार्गिकेत, किंवा पहिल्या मजल्यावर, किंवा ६ फूट तोंडाच्या अरुंद पट्टीत मिळाले तरी क्षेत्रफळाचा हिशेब चुकत नाही. दुकानदाराचा हिशेब मात्र पार कोलमडतो. येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर हेच त्याचे भांडवल होते. थोडक्यात, क्षेत्रफळ मिळते, तोंड मिळेलच असे नाही.

दुसरा बदल छेदात होतो. नव्या मनोऱ्यांमध्ये दुकाने व घरे यांच्या मध्ये बहुधा वाहनतळाचे मजले, म्हणजे पोडियम, येतात. रहिवाशांचे प्रवेशद्वार, सुरक्षारक्षक आणि उद्वाहन वेगळे असते. सज्जातून भाजीवाल्याला हाक मारण्याचा प्रश्नच उरत नाही. एखाद्या मनोऱ्याने जुन्या इमारतीचे वळण, आडव्या पट्ट्या, अगदी अक्षरेही जपली, तरी वर सांगितलेले तिन्ही गुण त्यात नसतील. दर्शनी भागापुरती समीक्षा अशा इमारतीला 'वारशाचे भान असलेली' म्हणून प्रशस्तिपत्र देऊन मोकळी होईल, हा खरा धोका आहे.

संभाव्य आक्षेप

यावर आक्षेप घेतला जाईल की, हा सारा गतकाळाचा उमाळा आहे. पावसाळ्यात गळणाऱ्या छपराखाली राहणाऱ्याला गाळ्याच्या तोंडाचे काय कौतुक? आक्षेप रास्त आहे. २०१२ मध्ये महापालिकेने वारसा यादीत नव्या वास्तू व परिसर समाविष्ट करण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा शिवाजी पार्क परिसरातील अनेक रहिवाशांनीच त्याला विरोध केला होता. वारशाचा शिक्का बसला की दुरुस्ती आणि पुनर्विकास दोन्ही अडतील, ही त्यांची भीती होती. तिला अज्ञान म्हणून झटकणे हा समीक्षकाचा अहंकार ठरेल. या इमारतींत उद्वाहन नाही, वृद्धांना चार जिने चढावे लागतात, लोखंड गंजून काँक्रीटचे पोपडे सुटतात. इमारती न बदलता ठेवाव्यात, असे या लेखाचे म्हणणे नाही.

उलट, दर्शनी भागावरचा भर कमी केला तर रहिवासी आणि अभ्यासक यांच्यातील वाद बराच निवळेल. दर्शनी भाग जपायचा म्हटले की जुनी इमारत जपावी लागते. तळमजल्याचे गुण मात्र नव्या इमारतीतही आणता येतात : अरुंद तोंडाच्या गाळ्यांची सलग रांग, त्यांच्या मधून उघडणारे रहिवाशांचे दार, पदपथाला भिडलेली पायरी. यासाठी कोणाला गळक्या छपराखाली राहण्याची गरज नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतील. पहिला, विसाव्या शतकाच्या मध्यातील व्यापारी इमारतींचे मूल्यमापन शैलीच्या निकषावर करणे आवश्यक असले तरी पुरेसे नाही. गाळ्याची रुंदी, दारांची संख्या आणि घराशी असलेले दुकानाचे नाते हे निकष त्यात यावयास हवेत. दुसरा, 'तेव्हा' आणि 'आता' यांची तुलना करताना मधल्या काळातील भाडे, उपकर व चटईक्षेत्र यांचे कायदे वाचले नाहीत, तर ती तुलना केवळ हळहळीपाशी थांबते. तिसरा, पुनर्विकासाच्या करारात बिगरनिवासी भाडेकरूच्या क्षेत्रफळाबरोबर त्याच्या गाळ्याच्या रस्त्याकडील तोंडाची रुंदीही नोंदली जावी. ही मागणी खर्चिक नाही. मोजपट्टी घेऊन एका दुपारी होणारे ते काम आहे.

येथेच महाविद्यालयांना वाव आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने कागदपत्रे पाहावीत, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने भाडे व पागडी समजून घ्यावी, भूगोलाच्या विद्यार्थ्याने नकाशा काढावा आणि मराठीच्या विद्यार्थ्याने जिन्यातील पाट्या व दुकानदारांची बोली टिपावी. अशी पाहणी दादर–माटुंग्यातच व्हावी असे नाही; आपल्या महाविद्यालयासमोरच्या रस्त्यावरही ती करता येईल. एकदा इमारत पडली की दर्शनी भागाचे छायाचित्र कोठे ना कोठे सापडते, पण गाळ्याचे माप कोणाकडेच उरत नाही. ते माप इमारत उभी असतानाच घ्यावे लागेल.